वाकडं दाखवणारं भिंग

उंबरकोंड, ता. रत्नागिरी
दि. १२ मे

चि. शमिका हिस भिकाजीमामाआजोबाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी आजी गोदा पलीकडे खुशाल, मी अलीकडे खुशाल. दोन घरांमधून वाहणाऱ्या पऱ्याला सध्या पाणी नाही, त्यामुळे ती साकवावरून न येता सरळ दगडांवरून येते, माझ्या चहात साखर फार असते म्हणून मला बोलते आणि स्वतःच्या कपात वर आणखी घालते. अठ्ठ्याहत्तरीच्या भावाला अजून धाक दाखवते. मला ते बरं वाटतं.

पत्रास कारण, तू दिलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी धरली. शहरातल्या दुकानदाराने आत टॉर्च मारून जाळं दाखवलं. म्हणाला, आजोबा, कोकणात लोणचं आणि लेन्स सारखीच जपावी लागते. आता मागे-पुढे होणारी घेऊ नका, एकाच मापाची घ्या, तिला प्राइम म्हणतात, असाही सल्ला दिला. पण त्यातही इतकी मापं त्याने काचेवर मांडली, की एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये सगळ्या गाड्या एकदम लागल्यावर माझं जे व्हायचं ते झालं. काही न घेता परत आलो. पेन्शनीत बसेल अशी कुठली घ्यावी ते तूच सांग. लग्नाचे अल्बम करून करून तुझे डोळे तयार झाले आहेत.

मला माणसांचे फोटो काढायचे नाहीत. पलीकडचा डोंगर हवा आहे. खाली गोदाचं घर, मागे पोफळींची रांग, तिच्या बाजूने चढत गेलेले विजेचे खांब, आणि सगळ्यांच्या माथ्यावर सड्याचं सपाट कातळ. चतुर्थीला तुम्ही सगळे मुंबईकर गोदाकडे जमता, पडवीपासून माळ्यापर्यंत माणूस झोपतो. त्या वेळी भिंतीवर मोठा फोटो लावायचा आहे. घरात राहणाऱ्याला आपलं घर कधी दिसत नाही.

शाळेत असताना मी अशा डोंगराच्या कविता घडाघडा म्हणायचो. ओळी विसरलो, चाली राहिल्या. परवा एका चालीवर माझ्याच दोन ओळी बसल्या:

पलीकडे गोदाचे घर, अलीकडे मी,
मधे पऱ्या गात असे जुनीच धामधुमी.

गोदाला म्हणून दाखवल्या. तिने विचारलं, की जेवलास का.

लोभ आहेच, उत्तराने वाढवावा.
तुझा,
भिकाजीमामाआजोबा


डोंबिवली
दि. १८ मे

ती. मामाआजोबांस शमिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. हल्ली कुणाला पत्र येतं यावर त्यांचा विश्वास बसेना.

आता लेन्सचं. सगळेजण तुम्हाला पन्नासची घ्या म्हणतील. ती स्वस्त आहे, स्वच्छ आहे, पण तुमच्या कॅमेऱ्याचा आतला डोळा लहान. त्यावर पन्नासची लावली, की आजीच्या घराचा दरवाजा छान येईल आणि डोंगर बाहेर राहील. ती चेहऱ्यांसाठी ठीक. पस्तीसची मधली, पण तिची किंमत उगाच मोठी. तुमच्यासाठी चोवीसची. घावनासारखी चपटी असते, हातात घेतल्यावर लेन्स आहे असं वाटतच नाही. घर, पोफळी, खांब, सडा, सगळं एका चौकटीत बसेल. उजेड कमी घेते म्हणून कुणी नावं ठेवील, तिकडे लक्ष देऊ नका. डोंगराच्या फोटोला तुम्ही तिचं तोंड आठावर बारीक करणार आणि कॅमेरा तिपाईवर ठेवणार. डोंगर काही पळून जात नाही.

फोर्टातल्या एका दुकानात वापरलेली पण नीट ठेवलेली मिळाली. पैशांचं काही बोलू नका. आपला संदेश आंबे न्यायला गावी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. तुम्ही फोटोची कार्डं पत्रातून पाठवा, मी प्रिंट काढून परत धाडीन.

एक मात्र पाळा. या लेन्सला झूम नाही, म्हणून माणसं जागा बदलत बसतात. तुम्ही बदलू नका. तुमच्या विहिरीच्या कठड्यावर तिपाईच्या पायांच्या खुणा करून घ्या आणि दर वेळी तिथूनच काढा. ऋतू बदलू देत, चौकट बदलायची नाही. मग फोटो एकाखाली एक लावले, की वर्ष चालताना दिसतं.

आजीला सांगा, गुडघ्याचं तेल पाठवते आहे. आणि जेवलात ना?

आशीर्वादाचा हात असाच राहू द्यावा.
आपली,
शमिका


उंबरकोंड
दि. २० जुलै

चि. शमिकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

भिंग पोचलं त्या दिवसापासून मी शाळेत जाणाऱ्या पोरासारखा उठतो. कठड्यावर छिन्नीने तीन खुणा केल्या, तिपाई तिथेच उभी राहते. जूनचं कार्ड तू पाहिलंसच. आता जुलैचं पाठवतो आहे, आणि सोबत एक तक्रार.

तुझं भिंग वाकडं दाखवतं. जूनच्या फोटोत खांब कसे ताठ, प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे. आताच्या फोटोत मधले दोन खांब कलले आहेत, आणि पोफळींची रांग पोटात वाकली आहे. शहरातल्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, स्वस्त रुंद लेन्स असतातच तशा, सरळ रेघेला पोट काढतात. मला वाईट वाटलं. तू प्रेमाने घेतलेली वस्तू, म्हणून इतके दिवस बोललो नाही. बदलून मिळत असेल तर पाहा.

बाकी इकडे हिरवंगार आहे. सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत यंदा तळं भरलं आहे. चिरे काढून नेले तो खड्डा, पण आता त्यात आभाळ उतरतं. भर दुपारी तिथे छत्री घेऊन बसलो होतो. पाणी कुठून वाहून जात नाही, तरी रात्रीतून कमी झालेलं असतं. खालून कुठे जात असावं. मला ती गोष्ट फार काव्यमय वाटली.

गोदाच्या परसातल्या झऱ्याला यंदा दुधासारखं पांढरं पाणी येतं आहे. ती म्हणते, देवाने दुभतं दिलं. कपडे मात्र धुता येत नाहीत. आणि तिच्या माजघराचा दरवाजा लागेनासा झाला. लाकूड फुगलं म्हणून तिने केरू सुताराला बोलावलं. त्याने रंधा मारून दिला, आठवड्यात परत अडकला. केरूला ती बोलबोल बोलली, तो बिचारा चहा न पिताच गेला.

भिंगाचं मनाला लावून घेऊ नकोस.

माया होती तशीच आहे, तिला कलू देणार नाही.
भिकाजीमामाआजोबा


डोंबिवली
दि. ३ ऑगस्ट

ती. मामाआजोबांस शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी नीट बोलले नाही आणि तुम्ही हसलात. म्हणून हे लिहून संदेशबरोबर पाठवते. तो रात्रीच्या गाडीने निघतोय. हे आजीला वाचून दाखवा.

लेन्स वाकडी नाही. लेन्सने रेघ वाकवली, तर ती चौकटीच्या कडेला वाकते, आणि दर फोटोत तेवढीच वाकते. तुमचे खांब मधोमध कलले आहेत. मी जूनचा फोटो आणि जुलैचा फोटो ऑफिसच्या मशीनवर एकावर एक ठेवले. सडा सड्यावर बसला, आपला साकव साकवावर बसला, अलीकडची तुमची जास्वंद जास्वंदीवर बसली. मधला तुकडाच बसेना. खांब, पोफळी, आणि आजीच्या घराचं मागचं छप्पर. मी तीनदा करून पाहिलं. शेजारी बसणाऱ्या पूर्वीला काही न सांगता करायला दिलं. तिने विचारलं, की हा फोटो काढताना मधला डोंगर कुणी ढकलला का.

मामाआजोबा, तो डोंगर उतरतो आहे.

खाणीतलं पाणी खालून जातं, झरा पांढरा होतो, दरवाजा अडकतो, हे सगळं तुम्हीच मला लिहिलंत. चिऱ्याच्या खाली पांढरी माती असते ना, पावसात हाताला साबणासारखी लागते ती? तीच झऱ्यातून येत असणार.

यंदाचा गणपती आजीकडे बसवू नका. तुमच्याकडे बसवा. आजीकडे बसवला, तर आम्ही सगळे मुलाबाळांसकट त्या डोंगराखाली झोपणार. आणि गणपती बसला, की आजी विसर्जनापर्यंत उंबरा सोडणार नाही. मग कुणाला काही करता येणार नाही.

लेन्सला नावं ठेवा, मला ठेवा, पण हे ऐका.

लोभ नंतर मागेन, आधी आजीला अलीकडे आणा.
शमिका


उंबरकोंड
दि. २३ ऑगस्ट

चि. शमिकास आशीर्वाद. वि. वि.

उशीर झाला, कारण तुझी आजी. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, मेल्या, घरात मी राहते, नि हललेलं तुझ्या भिंगाला कळतं होय? गणपतीचा पाट तिच्या सासऱ्यापासून त्या घरात आहे. आमच्याकडे रीत अशी, की ज्या घरात पाट त्या घरात गणपती, आणि पाट उंबऱ्याबाहेर काढायचा तर घरातल्या थोरल्या बाईनेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणजे सगळं तिच्याच हातात.

कचेरीत अर्ज दिला. एक साहेब येऊन पाहून गेले. लक्ष ठेवा म्हणाले. लक्ष तर मी केव्हाचाच ठेवून होतो, फक्त चुकीच्या वस्तूवर.

मग मी एक केलं. तुझे दोन्ही प्रिंट तिच्या मांडीवर ठेवले. खांबांकडे तिने पाहिलंही नाही. बोट फिरवत फिरवत स्वैपाकघराच्या खिडकीवर आली. जूनमध्ये ती खिडकी फणसाच्या फांदीच्या वर दिसते. जुलैत फांदीच्या मागे गेली आहे. त्या खिडकीतून ती लग्न झाल्यापासून मला हाका मारते. मग हात धुऊन उठली, पाट पदराखाली घेतला आणि साकवावरून माझ्याकडे आली. शमिका, ती न बोलता चालली तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आता ती माझ्याकडे झोपते. पलीकडे तिच्या शेजारी राहणाऱ्या मनस्वीचं बिऱ्हाडही माहेरी गेलं. पण गोदाने एक अट घातली आहे. घर रिकामं, पण देवापुढे दिवा रोज लागणार. तिन्हीसांजेला ती जाते, दिवा लावते, खिडकीत कंदील ठेवते आणि परत येते. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाली, तू तुझ्या भिंगाशी उभा राहा, मी पोचले ते तुला दिसेल. म्हणून मी रोज कठड्यावर असतो. तिचा कंदील चौकटीत बरोबर फणसाच्या खोडाशी लागतो. तो लागला, की मी आत येतो आणि चहा टाकतो.

हे लिहितानाही कॅमेऱ्याशीच बसलो आहे. चतुर्थी तोंडावर आली, मखराचं सामान यायचं आहे, तुम्ही येताना

कंदील लागला. पण फणसाशी नाही, बराच खाली दिसतो आहे. पऱ्याचा आवाज थांबला आहे, पाऊस तर चालू आहे. पत्र असंच ठेवून तिला आणायला जातो.


उंबरकोंड
दि. ९ सप्टेंबर

चि. शमिकास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही सगळे येऊन गेलात, तरी जे तोंडाने सांगता आलं नाही ते लिहितो. अर्धं राहिलेलं पत्रही सोबत धाडतो आहे.

मी साकवाशी पोचलो तेव्हा गोदा उंबऱ्यात उभी होती. तिला मी लहानपणी मारायचो ती हाक मारली, गोदे. ती म्हणाली, देवापुढचा दिवा लागत नाही रे, वात सारखी कलते. मी दिव्याचं काही ऐकलं नाही. तिचा दंड धरून ओढत आणली. तिने मला शिव्या घातल्या, त्या साकव ओलांडेपर्यंत पुरल्या. आम्ही माझ्या अंगणात आलो आणि मागे वळलो. आवाज फार मोठा नव्हता. मोठी गाडी डेपोत मागे घेतात तसा. पोफळी उभ्याच्या उभ्या खाली आल्या, ताठ, एका रांगेत. कंदील तेवढा वेळ पेटलेला दिसत होता.

गोदाने माझा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने केरू सुताराला बोलावलं, त्याची माफी मागितली आणि चहा पाजला.

गणपती माझ्याकडे बसला, तुम्ही सगळे माझ्या पडवीत झोपलात, आरतीला घर दणाणलं. भिंतीवर जूनचा फोटो लावला होता. गोदा येता-जाता त्यातल्या खिडकीवर हात फिरवायची. पलीकडे गोदाचे घर, ही ओळ आता म्हणता येत नाही. नवी सुचत नाही.

तुझ्या भिंगाला मी वाकडं म्हटलं, ते शब्द परत घेतो. जिथे ठेवलं तिथून न हलणारं आमच्यात तेवढं एकच होतं.

आता एक सांगायचं आहे. तुम्ही गेल्यावर गोदा म्हणाली, की माझ्या न्हाणीघराचा दरवाजा जड लागतो. लाकूड फुगलं असेल. ओल आहे. मी हो म्हटलं. पण काल कॅमेरा घेऊन साकव ओलांडला, पलीकडे जो एक धड कातळ उरला आहे त्यावर छिन्नीने तीन खुणा केल्या, आणि भिंगाचं तोंड आपल्या घराकडे केलं. घर, विहीर, जास्वंद, मागचा डोंगर, सगळं चौकटीत बसलं. इतक्या वर्षांत मी माझं घर असं कधी पाहिलं नव्हतं. सुंदर दिसतं गो.

त्या फोटोचं कार्ड पाठवतो आहे, जपून ठेव. एका फोटोवरून काही कळत नाही. पुढच्या महिन्यात दुसरं पाठवीन. दोन्ही एकावर एक ठेवून बघ, आणि काय दिसलं ते गोदाला नको, मलाच लिही.

उत्तराची वाट पाहतो आहे, आणि ते येऊ नये असंही वाटतं आहे.
तुझा,
भिकाजीमामाआजोबा