सांभाळून ठेवलेला राग

आरोग्यधाम, बाड टानबर्ग
१२ सप्टेंबर १९९४

चि. फोल्कमार यास गुड्रुनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी तू भेटायला आलास, पण शेजारच्या खाटेवरची बाई कान टवकारून बसली होती, म्हणून मनातलं राहूनच गेलं. आईच्या मातीनंतर पहिल्यांदा कॅनडाहून आलास आणि मी अशी खुबा मोडून पडले! डॉक्टर म्हणतात, घरी सोबतीला कुणी असेल तरच सोडू, नाहीतर वृद्धाश्रमाचं बघा. ते जाऊ दे. तू माझ्या घरात एकटा कुढत बसू नकोस. सायकल काढ, ओबरबाखला माझ्या मैत्रिणीकडे, लीनाकडे जा, हाइनरोडाला जेवून ये. मात्र टेकडीपलीकडे हेर्टाच्या गावाला फिरकू नकोस.

माया आहेच, ती असू दे.
तुझी ताई

लिंडनरोडा
१७ सप्टेंबर

ती. ताईस फोल्कमारचा सा. न. वि. वि.

लीनाने मला ओळखलंच नाही. विजेचा माणूस समजून मीटर दाखवायला निघाली. नाव सांगितल्यावर म्हणाली, गुड्रुनचा भाऊ का, मग आधी सांगायचं ना, ती कधी येणार? हाइनरोडाच्या खानावळीत मी एकटाच जेवलो. मालक बाकीच्या खुर्च्या टेबलांवर चढवत होता. त्यानेही तुझीच चौकशी केली. जन्मलो इथेच, पण आता मी नुसता तुझा निरोप्या.

परतताना टेकडीपलीकडे सायकल पंक्चर झाली. हेर्टा अंगणात सफरचंदं वेचत होती. तिने लांबूनच ओळखलं. म्हणाली, टक्कल पडलं तरी चाल तीच आहे, आत ये, सूप गरम आहे. नवरा गेल्यापासून एकटीच असते. तुझ्याबद्दल चकार शब्द नाही. निघताना मात्र विचारलं, कुठला खुबा, डावा की उजवा?

रागावू नकोस.
तुझा फोल्कमार

बाड टानबर्ग
१९ सप्टेंबर

फोल्कमार,

आज आशीर्वाद वगैरे नाहीत. बजावून सांगितलं तरी गेलास! तिने लग्नाला नकार दिला म्हणून तू देश सोडलास. तुझी वाट बघत आईने डोळे मिटले. चर्चमध्ये गाताना मी जन्मभर तिच्या शेजारी उभी राहिले, पण एका शब्दाने बोलले नाही. आणि तू खुशाल तिचं सूप ओरपतोस!

गुड्रुन

लिंडनरोडा
२२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

हेर्टा नाही म्हणाली तेव्हा मला अन्न गोड लागत नव्हतं, हे खरं. पण बोटीवर पाय ठेवला आणि पुढचंच दिसायला लागलं. पुढे मॅरियन भेटली, सुखाचा संसार झाला. तो राग मी केव्हाच विसरलो, ताई. माझ्या वाटणीचा तू सांभाळत बसलीस. काल जाऊन हेर्टाला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ सफरचंद सोलत राहिली. मग म्हणाली, तुझी बहीण पहिल्यापासून आडमुठी, तिकडे कुठली बस जाते?

राहा, असं तू म्हणाली नाहीस, मीही विषय काढला नाही. मॅरियनला तिकडे पुरलंय. तिच्यापासून लांब झोप लागत नाही.

तुझा फोल्कमार

लिंडनरोडा
२० ऑक्टोबर

चि. फोल्कमार यास भरभरून आशीर्वाद. वि. वि.

घरी आले! तू कॅनडाला परत गेलास आणि दुसऱ्याच दिवशी हेर्टा आरोग्यधामात येऊन माझ्या खाटेशी बसली. तिने विचारलं, तुझ्या वरच्या खोलीत ऊन येतं का? मी म्हटलं, सकाळचं येतं. एवढंच बोललो आणि दोघी रडलो. आता ती वर राहते. ब्रेड जाड कापते, थंडीत खिडक्या उघड्या टाकते. काल सूपातल्या मिठावरून असं भांडण जुंपलं की लीना मध्ये पडली.

तब्येतीला जप.
तुझी ताई

विनिपेग
६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे बर्फ पडायला लागलंय. मॅरियनच्या थडग्यावरचं झाडून आलो. शेजाऱ्याला सांगितलं, गावी जाऊन आलो. तो छान म्हणाला आणि दार लावून घेतलं. इथे ब्रेड मला हवा तसाच कापला जातो. मीठ जास्त झालं तरी कुणी काही म्हणत नाही.

त्या भांडणाचं पुढे काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. कोण काय म्हणालं, आधी कोण नमलं, सगळं सविस्तर लिही. आणि हेर्टालाही म्हणावं, तिची बाजू वेगळ्या पत्रात कळव. लहान पत्र नको.

तुम्हा दोघींचा,
फोल्कमार