काळी पडलेली बाळंतीण

२७ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
१. सकाळी ८.१०. माझ्या अभ्यासातली चार नंबरची अजगरीण बिळाच्या तोंडाशी उन्हात. लांबी सव्वाचार मीटर.
२. तिच्या अंगात बसवलेल्या यंत्रावर तापमान ३९.२ अंश. रंग जवळजवळ काळा. म्हणजे बिळात अंडी आहेत – काळ्या अंगाने ती उन्हात लवकर तापते आणि आत जाऊन वेटोळ्यात अंडी उबवते.
३. ९.४०. ट्रॅक्टरवाल्या मुलालोने तिला पाहिलं. जहाल विषारी साप समजून ओरडला, "मांबा!"
४. सोमवारी तो आत्याच्या शेतात नांगरट करणार. बीळ बुजवणार.

बीळ शेताच्या कोपऱ्यात. मी गावात कुणालाच सांगितलेलं नाही, आत्यालाही नाही. मांबा म्हटलं की बुजवतील, अजगर म्हटलं की औषधासाठी चरबी काढणारे येतील.

२८ नोव्हेंबर
शेवटी मुलालोला एवढंच सांगितलं – विषारी नाही, अजगर आहे.
"काळा अजगर? ताई, शिक्षण जरा जास्तच झालं तुला!"

२९ नोव्हेंबर
आत्या मक्याच्या पिठाचा व्हुस्वा वाढताना – "रोज उन्हात कुणाला भेटायला जातेस गं, फुलुफेलो?"
म्हटलं, हवामान मोजते.
"बरं. नाव काय हवामानाचं?"

३० नोव्हेंबर
मुलालोसाठी पत्र लिहिलं. तीन पानं, आलेखासह.

१ डिसेंबर, सोमवार
सहाला धावत गेले. ट्रॅक्टर बांधाबाहेर, इंजिन बंद! वाटेवर आडवी काठी – आमच्याकडे बाळंतिणीच्या दाराशी ठेवतात तशी. ती ओलांडून पुरुष आत जात नाही. मुलालो खाली बघत म्हणाला, "आत कोण आहे ते आधी सांगायचं ना!"

आत्या बांधावर शेंगा सोलत होती.
"तुला माहीत होतं?"
"तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून. दर तिसऱ्या वर्षी अंडी घालते. मधली दोन वर्षं खाऊन अंग धरते. पिल्लं निघाली तरी बारा-पंधरा रात्री त्यांच्यापाशी थांबते. ती गेली की मग मी कोपरा नांगरते."
"मला का नाही सांगितलंस?"
"तू कुठे विचारलंस? तू हवामान मोजत होतीस!"

मादी किती वर्षांनी पुन्हा अंडी घालते – प्राध्यापकांसोबतच्या माझ्या शोधनिबंधाचा प्रश्न हाच. पत्र चुलीत घातलं.

३ डिसेंबर
उपग्रहाची जुनी चित्रं तपासली. २००७, २०१०, २०१३, २०१६, २०१९, २०२२ – डिसेंबरात कोपरा न नांगरलेला. एकही वर्ष चुकलेलं नाही.

५ डिसेंबर
प्राध्यापकांना पाठवलं ते असं: "चौथ्या बिळाचा आणि तीन वर्षांच्या अंतराचा शोध माझा नाही, माझ्या आत्याचा आहे. पुरावा सोबत. निबंधावर तिचं नाव माझ्या आधी यावं, जागेचा नकाशा छापू नये. मान्य नसेल तर माझं नाव काढावं आणि माझ्या नोंदी वापरू नयेत. कृपया शुक्रवार, १२ डिसेंबरपर्यंत कळवावे."