सातव्या तुकड्याची पाटी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांचं विचारलंस, तर ते आहेत जागच्या जागी, फक्त मी उठले की जरा उशिराने मागून येतात. रोपवाटिकेत यंदा सगळं वेळेवर उगवलंय. मांजरीने मात्र नेमकी टोमॅटोच्या वाफ्यात पिल्लं घातली, त्यामुळे त्या वाफ्याला वाटीवाटीने पाणी घालावं लागतं. हसू नकोस, तू असतीस तर तूही तेच केलं असतंस. आता तुझा खरा प्रश्न. कॉलेजच्या पंचविसाव्या वर्षाच्या समारंभाला मी येणार का, आणि आलेच तर तुझ्या नवऱ्याशी, आपल्या जावईबापूंशी, नीट वागणार का. येणार. आणि इतकी नीट वागणार आहे की तुला माझ्या तब्येतीची काळजी वाटेल.

परवा कलमं पोचवायला कॉलेजात गेले होते. फाटकाशी थांबले. तो दगड अजून तसाच आहे, रोज पुसतात वाटतं. जावईबापूंचं पूर्ण नाव, पदव्यांसकट, आणि खाली ‘या शेतकी कॉलेजचे आद्य पुरस्कर्ते’. इतकी वर्षं वाचतेय, तरी दर वेळी त्या एका शब्दाशी अडते. आद्य म्हणे! आद्य कोण होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, तिच्या वेण्या मी घालून देत होते.

तुला आठवत असेल, आत्याकडे राहून आलीस ती डोक्यात काहीतरी घेऊनच. आल्या आल्या परसात चार चौकोन आखलेस, खुंट्या ठोकल्यास. एकात शेण, एकात राख, एकात दोन्ही आणि चौथ्यात काहीच नाही. मी ओरडले होते तुझ्यावर, चांगली जमीन अशी उपाशी कशाला ठेवतेस म्हणून. तू मातीने भरलेला हात कपाळाला पुसून म्हणालीस, “ताई, हा उपाशी नसेल तर बाकीच्यांना जेवण लागू पडलं की नाही, हे कळणार कसं?” मी शाळेत जेमतेम गेलेली बाई, पुढे जे काही शिकले ते बी-बियाण्यांच्या पाकिटांवरचं वाचून. पण ते वाक्य मला जितकं लख्ख समजलं तितकं दुसरं काहीच नाही. कापणीच्या वेळी चौथ्या चौकोनातला गहू माझ्या घोट्याएवढा आणि पिवळा पडलेला. बाबांनी खाली बसून त्यातली एक ओंबी तळहातावर चोळून पाहिली.

मग तुझा तो बाजार! शेतकी कॉलेज हवं म्हणून बैलगाडीवर चढून बोलायचीस, मी खाली चाक धरून उभी, तू पडू नयेस म्हणून. काय काय ऐकवलं लोकांनी. तो जाड्या दलाल ओरडला होता, “बाई, कॉलेज काढलंत तर बैलांनाही वह्या-पुस्तकं देणार का?” आणि तू क्षणभरही न थांबता, “बैलांना नको, त्यांना काम येतं!” सगळा बाजार हसला, तो दलालसुद्धा. त्या दिवशी कॉलेजच्या अर्जावर अंगठे उठवायला इतकी माणसं आली की शाई संपली. गावोगाव फिरलो आपण. तुझा आवाज बसायचा, मी गरम पाणी द्यायचे, आणि तू घोट घेऊन पुन्हा चढायचीस. त्या गर्दीत एकजण पुढे उभा राहून टाळ्या वाजवायचा. कडक इस्त्रीचा सदरा, जिल्हा परिषदेचा नवा सभासद. पुढचं तुला मी काय सांगू, तू त्याच्याशी लग्नच केलंस.

लग्नानंतर तू बाजारात आली नाहीस. मी दोनदा एकटीच गेले, गाडीजवळ उभी राहिले. लोक विचारायचे, “धाकट्या बाई कुठे?” मी म्हणायचे, “येईल.” इकडे परिषदेत जावईबापू उठून सांगत होते की नांगर धरायला कॉलेज लागत नाही, मनगट लागतं. मग वारं फिरलं. आपले अंगठे वरपर्यंत पोचले, वरून विचारणा झाली, आणि एका सकाळी जावईबापू उठले ते थेट कॉलेजच्या बाजूनेच बोलायला. मी प्रेक्षकांत बसले होते. धाकटे, शब्द न् शब्द तुझा होता. चार चौकोन त्यांचे झाले होते, परस त्यांचं झालं होतं. बैलांचा विनोदही त्यांनी सांगितला, आणि तोही चुकीच्या जागी थांबून. लोक तरीही हसले. वर्तमानपत्राने ‘दूरदृष्टीचा नेता’ असं छापलं. कोनशिलेच्या दिवशी तू मागच्या रांगेत होतीस, मांडीवर बाळ. मी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं, तू बाळाचं टोपडं नीट करत राहिलीस.

तू म्हणतेस, झालं गेलं सोडून दे. मी काही खुनशी बाई नाही, माझी रोपं खाणाऱ्या गोगलगायीसुद्धा मी उचलून कुंपणापलीकडे ठेवते. पण हे एक मी सोडलेलं नाही, उबेला ठेवलंय. तू नेहमी म्हणतेस ना, बंगल्यातल्या गुलाबांना वास का येत नाही? कारण त्या बंगल्याला मी आजवर वासाचं एकही कलम दिलेलं नाही. तुझ्यासाठी वाईट वाटायचं, पण फुलं त्यांच्या टेबलावर जातात हे मला माहीत होतं. पण अशाने समाधान होत नाही गं. वासाशिवायचा गुलाब त्यांना कळलाही नाही.

आणि आता ऐक. गेल्या महिन्यात प्राचार्यांच्या खोलीत समारंभाची बैठक होती. समितीत मी कशाला, तर कुंड्या मांडायला आणि चहा ओतायला. जावईबापू म्हणाले की फाटकावरच्या दगडाचा काही भरवसा नाही. रस्ता रुंद झाला की फाटक जाणार. इमारतींना लोक नवी नावं देतात. त्यांना आपलं नाव अशा जागेला हवं, जी कधी कोणी बदलणार नाही. प्राचार्य सरळ माणूस, याच कॉलेजात शिकलेला. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “साहेब, कधीच न बदलणारं असं इथे एकच आहे. प्रयोगाच्या शेतातला सातवा तुकडा. कॉलेज उघडलं तेव्हापासून तो जसाच्या तसा आहे, आणि पुढेही त्याला कोणी हात लावायचा नाही असा नियमच आहे.”

तुला कळलं ना? मला माहीत आहे, इथपर्यंत येऊन तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल परत. तोच तो, तुझा चौथा चौकोन. शेजारच्या तुकड्यांना काय काय मिळतं, या सातव्याला पहिल्या दिवसापासून काहीही नाही. ना शेण, ना राख, ना खत. पोरं त्याला उपाशी तुकडा म्हणतात.

जावईबापूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “झालं तर! तोच!” प्राचार्याने सांगायला तोंड उघडलं, तर यांनी हात वर केला, तुला तो हात माहीत आहे. “तपशील नकोत. नियम आहे ना? मग ठरलं.” प्राचार्य माझ्याकडे बघायला लागला. मी चहा ओतत म्हटलं, “साहेबांना शोभेल असाच तुकडा आहे.” नंतर व्हरांड्यात तो मला म्हणाला, “ताई, त्यांना सांगायला हवं.” मी म्हटलं, सांगा की, ऐकतील तर. बिचारा बंगल्यावरही जाऊन आला. फाटकातूनच परत, साहेब भाषणाची तयारी करताहेत म्हणे. आता तो म्हणतो, मी माझं काम केलं. समारंभाच्या दिवसांत पेरणी नुकतीच झालेली असेल, सगळे तुकडे सारखेच दिसतील, काळे आणि गुळगुळीत. पाटी मात्र एकाच तुकड्यावर.

आणि मग उगवेल. तू फक्त डोळ्यांपुढे आण. दर वर्षी नवी पोरं येतात, पहिल्याच आठवड्यात मास्तर त्यांना बांधावर उभं करतात. समोर खुरटलेला पिवळा गहू, वर जावईबापूंचं नाव पदव्यांसकट. मास्तर विचारणार, यांनी या जमिनीला काय दिलं? आणि सगळी पोरं एका सुरात सांगणार, काही नाही! पुढच्या वर्षी पुन्हा. आपण दोघी मातीत गेल्यावरसुद्धा. फाटकावरच्या दगडाचा खोटेपणा कोणालाच कळला नाही, या पाटीवरचं खरं मात्र शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही वाचता येईल. हे मनात आलं की मला गुडघेसुद्धा दुखत नाहीत.

आता हे सगळं तुला का लिहिलं, ते सांगते. जावईबापू आज ना उद्या पाटीचा मजकूर तुला वाचून दाखवतील, प्रत्येक भाषण आधी तुलाच तर ऐकवतात. सातवा तुकडा म्हटल्याबरोबर तू त्यांना सावध करायला जाशील, मी ओळखते तुला. तू एक शब्द बोललीस की पाटी रद्द. बाळंतपणाला मी तुझ्यापाशी होते तेव्हा तू मला एकदाच सांगितलं होतंस, बाजारात येणं का बंद झालं ते. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, अगदी गोडीने, केसांवरून हात फिरवत त्यांनी म्हटलं होतं की शेतीतलं एक अक्षर या घरात तुझ्या तोंडून निघता कामा नये. तू ते पाळलंस. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही, कट करायलाही नाही. एवढंच कर की समारंभापर्यंत नवऱ्याची आज्ञा पाळ. आणि निळी साडी नेस, वारा असतो तिथे, पदर खोचून घे. पाटीवरचा पडदा घरच्या लक्ष्मीने बाजूला करावा असं मी बैठकीत सुचवलं, जावईबापूंनी लगेच मान डोलावली. दोरी तुझ्या हातात देणार आहेत. ओढ किंवा नको ओढूस. पण या वेळी मागच्या रांगेत बसायचं नाही.

तुझीच, चाक धरून उभी असलेली,
ताई