चार नंबरच्या बाटल्या

सोमवार, ११ जानेवारी १९९९, रात्री ९.१०
सकाळी बाटल्यांवर नंबर टाकत होतो तेव्हा लीना आली. तिचे वडील गेल्याचा आज नववा दिवस. शनिवारी चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाली. सर पंधरा दिवसांची रजा द्यायला तयार होते. ती म्हणाली, "घरी बसून काय करू?" काळे कपडे. त्यावर आपला पांढरा कोट, टोपी, मास्क. मग नुसते डोळे राहिले.
आत बोलायचं नाही, हा सरांच्या टिश्यू कल्चर लॅबचा पहिला नियम. तोंडाची वाफ म्हणजे जंतू. सहा तास शेजारी बसून राजेळी केळीचे कोंब कापले, बाटल्यांत लावले. मी ६२, तिने ४०. काहीतरी म्हणायला हवं होतं. बाहेर आल्यावर म्हटलं, "डबा आणलायस?" एवढंच.

शनि. १६ जाने.
सोमवारच्या बाटल्या तपासल्या. ली.च्या ४० पैकी १३ मध्ये बुरशी. माझ्या ६२ मध्ये १.
कारण मला माहीत आहे. तिचा मास्क त्या दिवशी ओला होता. आत बसून रडत होती आणि हात चालू होता. ओल्या मास्कमधून सगळं गळतं.
सरांचा हिशोब सरळ. शंभरात पाचच्या वर बुरशी गेली की तो हात बाटल्या धुवायला. "कॉलेजात शिकवत होतो तेव्हा चालून जायचं. आता धंदा आहे." वाडीवाल्यांनी दोन हजार रोपं सांगितली आहेत. राजेळीचे मुनवे, बुंध्याशी फुटणारे कोंब, रोगट निघतात, म्हणून सगळ्यांना बाटलीतली रोपं हवीत.
४ नंबर ली.चा, ७ माझा. सर बँकेत गेल्यावर तिच्या १३ बाटल्यांवरचा ४ स्पिरिटने पुसून ७ लिहिला. माझ्या १३ चांगल्यांवर ४. मग नोंदवहीत चढवलं. सात वर्षं वही लिहितोय, खोटा आकडा पहिल्यांदाच.
फक्त एकदा.

शुक्र. २९ जाने.
पुन्हा ९. पुन्हा बदलल्या.
सडलेल्या बाटल्या शेवंतीमावशी धुते. आज सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रे किशोर, तुज्याच बाटल्या कुजतात! पानी तरी किती तापवू मी? लक्ष कुठं असतं तुजं?" वर ली.कडे बघून, "आत दोघं मुके, नि भायेर बी मुकेच!"
ली. हसली. महिन्यात पहिल्यांदा.
२२ बाटल्या वसूल.

बुध. १० फेब्रु.
पुण्याची एक कंपनी सरांची पद्धत विकत घेणार. आपण हजारांत करतो ते लाखांत करायचं. इथले दोन हातही नेणार. सर म्हणाले, "पदवी विचारत नाहीत. बुरशीचा आकडा विचारतात."
मी बारावी नापास. कुठेही गेलो तर आधी मार्कशीट. आणि हे आकडा विचारतात!
दुपारी मागच्या पायरीवर ली. म्हणाली, "आपण दोघं गेलो तर काय मजा येईल ना? तिथे कँटीन आहे म्हणे. डबा नको, काही नको."
म्हटलं, "हो."
दोघं, असं तीच म्हणाली.

गुरु. ११ फेब्रु.
सरांनी जानेवारीपासूनची बेरीज मागितली. मीच केली. २९ नंतरही दर तपासणीला बाटल्या बदलत आलोय. नं. ४: शेकडा १. नं. ७: शेकडा १४. दोनदा पडताळून पाहिली, बरोबर आहे.
खरं सांगितलं तर ती धुण्याच्या खोलीत. तिच्या घरात आता पगार एकीचाच. न सांगितलं तर...

सोम. १५ फेब्रु.
पुण्याच्या बाई आल्या. वही उलटून म्हणाल्या, "नोंदी फार सुरेख. कोणी ठेवल्या?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. "अक्षर छान आहे. हात मात्र..." आणि वही मिटली. भल्या बाई.
नं. ४ निवडला. दुसरा हात दुसऱ्या लॅबमधून घेणार.
त्या गेल्यावर सर म्हणाले, "अरे, डिसेंबरपर्यंत माझा सगळ्यात चांगला हात तू! झालं काय तुला?"
"थंडीने बोटं आखडतात, सर."
वसईत थंडी!

शनि. २७ फेब्रु.
काल ली. गेली. एस.टी. स्टँडवर तिची आई होती, म्हणून लांब उभा राहिलो. तीच आली. पानात बांधलेल्या सुकेळ्या, उन्हात वाळवलेली राजेळी, हातात दिल्या. "एकटाच खा. आणि हात सुधार रे, म्हणजे तुलाही बोलावतील."
माझ्या तुळिंजच्या खोलीवर आणून ठेवल्यात. सोडवत नाहीत.

सोम. ८ मार्च
तिच्या जागेवर नवीन मुलगी. आज मी ७० लावल्या. आत बोलायचं नाही, ते बरं पडतं.

शनि. २० मार्च
सरांच्या फोनवर तिचा फोन. मला बोलावलं.
"किशोर, इथे माझ्या बाटल्या जातायत. शंभरात पंधरा. तीन महिने बघणार, नाहीतर परत. बाई विचारतात, वसईत तर हात चांगला होता. तू शेजारी बसायचास. खरं सांग, मी नीट करत होते ना?"
सर समोर पेपर वाचत होते. म्हटलं, "आवाज तुटतोय."
"पुढच्या शनिवारी अकराला करते. तेव्हा सांग."
आवाज अजिबात तुटत नव्हता.

शनि. २७ मार्च, सकाळी १०.४०
सर वाडीवर गेलेत. फोन मीच घ्यायचा.
आठवडाभर नवीन मुलीचा मास्क बघत होतो. कोरडा असतो, बाटल्या स्वच्छ. पुण्यात ती अजून रडते का? कोणासाठी? हे विचारता येणार नाही.
ती परत यावी, असं रोज वाटतं. अशी परत यावी, असं वाटत नाही.
दोन उत्तरं कागदावर लिहिलीत, बोलताना चुकायला नको. पहिलं खोटं. त्यात ती म्हणते बरं, आणि तिथेच धडपडत राहते. दुसरं खरं. त्यात ती कदाचित येते, पुन्हा शेजारी बसते, आणि बाहेर आल्यावरही बोलत नाही.
दोन्हींचा पहिला शब्द लीना. आजवर मी तिला नावाने हाक मारलेली नाही. तेवढी तरी मारीन.
१०.५५.