आंबट संत्र्यांचं पथ्य

४ मार्च
काय रे कागदा, ओळखलंस का? नाहीच ओळखणार. काल घसा कोरडा पडेस्तोवर बोलले, आणि आज पुन्हा कोरं करकरीत तोंड करून हजर! मला एक अक्षर येत नाही, पण सगळं ध्यानात आहे. तुझं आपलं उलटं.

लिहून घेतात शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई. दोघींचं दुखणं एकच, आतड्याचा कॅन्सर. गोळीही एकच — नवी, अजून चाचणीतली. माझ्या नातीच्या प्रयोगशाळेतून निघालेली. नातीला आम्ही मुंगी म्हणतो, जागेवर बसणं माहीत नाही तिला. मला जुनं औषध सोसलं नाही. बाईंनी ते घेतलंच नाही, केस जातात म्हणून. गोळीचं पथ्य एवढंच, की आंबट बंद. संत्र्याकडे बघायचंसुद्धा नाही.

९ मार्च
मुंगी आली आणि चक्क बसली. काहीतरी बिनसलंय.

१० मार्च
बोलली एकदाची. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी बाटल्यांत वाढवतात, त्यांच्यावर औषध करून बघतात. पहिली बाटली प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी कधीकाळी मित्राकडून आणलेली, आपण शेजारणीकडून विरजण आणतो तशी. विरजण कोण तपासतं? त्यात यकृताच्या पेशी शिरलेल्या. दांडग्या! मूळच्यांना पार संपवून बसल्या. पाहुणी मालकीण झाली, दारावर पाटी जुनीच. मुंगीने परवा तपासलं तर पेशींचे ठसे मूळच्यांशी जुळेनात. म्हणजे गोळीने मारलं ते आतड्याचं दुखणं नव्हतंच.

सर म्हणाले, चाचणी पुरी होईपर्यंत गप्प राहा. वर म्हणाले, "तुझी आजीच त्या गोळीवर आहे ना? तिची आशा तू काढून घेणार?"

इथे बाईंचा हात थांबला. लिहा म्हटलं, बाई. आता थांबून कसं चालेल?

११ मार्च
बाई आज सांगेन तेवढंच लिहितात.

१२ मार्च
मुंगी खूप रडली. खरं सांगितलं तर गोळी बंद होईल, आणि तुझ्यासाठी दुसरं काहीच उरलेलं नाही, म्हणाली.

मी म्हटलं, "माझ्या पदराआड तुझे सर लपायला लागले, तर ते मला चालायचं नाही. शेजारच्या खाटेकडे बघ. तिला अजून जुनं औषध आहे. केसांचं काय एवढं, ते तसेही तिला शोभत नाहीत."

शेवटचं वाक्य लिहायला बाई तयार नव्हत्या. मग लिहिलं. हसल्या बहुतेक — नाक ओढल्याचा आवाज आला.

१५ मार्च
मुंगीने चाचणीच्या डॉक्टरांना सगळं कळवलं. सरांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आता खरीच बसली आहे, माझ्या उशाशी.

१७ मार्च
गोळी बंद. बाईंना आजपासून जुनं औषध. माझं पथ्य सुटलं. घरी निरोप — संत्री पाठवा, चांगली आंबट. थोडीच पाठवा. उरली तर बाई खातील.