दूरच्या ओट्याची राखण

४ मे, सोमवार
लिही सुनंदा. बोलते तसंच लिही, तुह्या मनचं सासूपुराण मधात घालू नको. पल्लवीनं सांगितलं आहे, "आजी, रोजचं आईकडून लिहवून ठेव, मी आल्यावर वाचीन." आल्यावर, म्हणाली. ते आधी लिही.

नात माही इस्राएलात एका म्हातारीची सेवा करते. तिकडं रॉकेटं पडून राहिली. आज फोन साखरेच्या डब्याले टेकवून मले कढी दाखवत होती. तेवढ्यात भोंगा. पोरीनं म्हातारीले पाठीवर घेतलं न् पळाली तळघरात. फोन तसाच उभा. गॅस सुरू.
मी इथं नागपुरात कुलरसमोर बसून तिथल्या कढीवर ओरडून राहिली!
फोनात तिथल्या खिडकीतून आभाळ दिसे. एक पांढरी रेघ वरून आली, तिले फोडाले एक खालून चढली, एकमेकींले भिडल्या, न् भर दिवसा चांदणी पडावी तसं... मंग आवाज. डबे हलले. पडदा हलला. मंग काहीच नाही. एक चिमणी येऊन खिडकीत बसली, जसं काही झालंच नाही.
पोर परत आली तर पहिलं काय म्हणते? "आजी, कढी फुटली."
तेवढंच फुटलं, देवा.

५ मे
खापरखेड्याच्या वीजघराच्या कॉलनीत होतो तेव्हा भोंगा वाजला की मी भात टाके. ह्यांची शिफ्ट सुटे. भोंगा म्हणजे माणूस घरी येणार. तिथं भोंगा वाजला की माणसं ताटावरून उठतात. न् परत येऊन त्याच ताटावर बसतात! ह्याचंच मले नवल. सुनंदा म्हणे, "भेव नाही वाटत त्यांले?" म्हटलं, वाटत असंल वं, पण भाजी निवते ना.

तळघरात फोन लागत नाही. म्हणून मीच सांगितलं, गॅस बंद करत जा न् फोन ओट्यावरच ठेवत जा. मी राखण करते. जन्मभर गच्चीवर काठी घेऊन कुरडयांवरचे कावळे हाकलले. आता हा ओटा.

८ मे, शुक्र.
म्हातारीले मी विहीणबाई म्हणते. आपली पोर जिच्या घरात राबते ती विहीणच. मानपान मात्र अजून काही आला नाही.

आज भोंगा वाजला न् विहीणबाई उठेना. पल्लवीच्या कमरेत उसण भरली आहे, ते पाहिलं असंल तिनं. हातानं सांगे, तू जा. पोर जाईना. मी फोनमधून ओरडली, "उठ वं म्हातारे! तुह्यापायी माही पोर मारतं का? मरायचं तर मंग मर, आधी तिले खाली पोचव!"
एक शब्द कळला नसंल. मान वळवून माह्याकडं पाहिलं. बोळक्या तोंडानं हसली. न् पोरीच्या गळ्यात हात टाकले.

पाल दिसली तर मले न्हाणीच्या दारात उभी करणारी पोर. ती आख्खी बाई पाठीवर घेऊन जिना उतरते. हे कोणी शिकवलं तिले? मी तर नाही.
डोळे नंतर पूस सुनंदा, अक्षर बिघडंल. वाचता येत नाही म्हणून काय झालं, दिसते मले.

१० मे, रवि.
आपल्या लोकांले परत आणाले तिकडून बस निघणार आहे, सीमेपलीकडं. तिथून विमान. नाव उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचं. सुनंदा फोनवर म्हणे, "ये बाई, बस झालं आता." पोर म्हणे, "मी आली तर हिले खाली कोण नेईल? दुसरी बाई मिळत नाही. हिचा पोरगा तिकडं दुसऱ्या गावात अडकला." मंग म्हणे, "आजी, तू सांग. तू ये म्हटलं तर येते."
वा! साडी घ्यायची तर माह्या पसंतीले नाक मुरडतं, न् हे माह्यावर.
म्हटलं, उद्या सांगते. त्या रागात सुनंदानं दिवसभर भांडी आपटली. लिहून मात्र राहिली.

११ मे, सोम.
ठरवलं. "ये" म्हणायचं. पोर आपली आहे. सकाळीच सुनंदाले सांगितलं. तिनं देवाजवळ दिवा लावला.

संध्याकाळी फोन लागला. तिथं चहाची वेळ. विहीणबाईनं खुर्चीवरूनच ओट्यावर कप मांडले. एक तिचा, एक पोरीचा. न् एक फोनसमोर सरकवला. माह्यासाठी. चहा ओतलेला!
मी तोंड उघडलं न् भोंगा.
पल्लवीनं पाठ वाकवली. दारातून ओरडली, "आल्यावर सांग आजी!"

ओटा रिकामा. आभाळात रेघ चढून राहिली, पांढरी, सरळ. कपातून वाफ निघून राहिली.
सुनंदा म्हणे, "आई, आली की 'ये' म्हणाल ना?"
आवाज झाला. डबे हलले. कप जागेवर आहेत.
दार अजून उघडलं नाही.
थांब सुनंदा, आता लिहू नको. पाहू दे.