मॉरिसच्या हिरव्या इंजिनासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, श्रीमती ताराबाई भरमू कामकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सूत रंगवणे (आता हौसेपुरता), राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी स्मृती आणि नजर दोन्ही शाबूत आहेत. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. त्यांनी स्वतःच्या शर्टाला निळा म्हटले, तो मोरपंखी होता, हेही सांगितले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणून उपयोग नसतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कन्नड भाषांतर वकीलबाईंनी सोबत जोडले आहे. दोन्हींच्या अर्थामध्ये फरक पडल्यास मराठी मजकूर खरा धरावा.

१. राहते घर मुलगा नागेंद्र व मुलगी पूर्णिमा यांना समसमान. नागेंद्र बेंगळुरूला नोकरीस आहे, पूर्णिमा जांबोटीच्या शाळेत शिकवते. विकायचे झाल्यास दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे, फोनवर नाही. मागची शेड मात्र, कलम ४ मधील गाडी तिथे उभी आहे तोवर, विकू अगर पाडू नये.

२. सोसायटीतल्या ठेवीही दोघांना निम्म्यानिम्म्या. त्यातून आधी माझे दिवसकार्य करावे. जेवणात गोड म्हणून कुंदा असावा. माझ्या सासूबाईंच्या वेळी जिलेबी होती आणि ती वातड होती, हे मी विसरलेले नाही.

३. माझ्या साड्या, रंगाचे तांब्याचे हंडे आणि सूत ढवळायच्या काठ्या पूर्णिमाला. हंडे शोभेला दिवाणखान्यात ठेवू नयेत. वापरावेत.

४. मॉरिस मायनर गाडी. हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण कलम ५ त्याशिवाय कळणार नाही.

माझे यजमान कै. भरमू यांनी ही गाडी सदलग्याच्या एका तंबाखूच्या वखारीतून आणली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पत्रा ठोकून, सांधून त्यांनी गाडी पुन्हा मूळच्या साईच्या रंगाची केली. इंजिन उघडून, कॉस्टिक सोड्याने धुऊन शेडमध्ये घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवले. आणि तिथे गाडे अडले, कारण तेलाच्या काजळीबरोबर खालचा रंगही धुऊन गेला होता आणि इंजिनाचा मूळ रंग कोणता, हे कोणालाच माहीत नव्हते.

माझे धाकटे दीर रवळू यांचे निपाणीला गॅरेज आहे. ते म्हणत, "दादा, इंजिनाला काळाच. तेल गळलं तरी दिसत न्हाय."

"गळलेलं दिसायलाच पायजे की रं," हे म्हणत. "आणि जन्माचा रंग सोडून दुसरा का द्यायचा? माणसाचं नाव बदलल्यागत व्हईल."

हा वाद जेवताना, लग्नात, एकदा तर दुसऱ्याच्या मयतीत चालला. तो मिटायच्या आत हे हृदयविकाराने गेले. इंजिन घोडीवर तसेच राहिले.

वर्षश्राद्धानंतर मी पूर्णिमाकडे जांबोटीला गेले होते. परत येऊन शेड उघडते तो इंजिन काळे कुळकुळीत! रवळूभावजींनी माझ्या पाठीमागे येऊन रंगवले होते. दारात उभे राहून हसत म्हणाले, "वैनी, झालं बघा एकदाचं. दादाचं काम अडकून पडलंतं."

त्यांना वाटले मला आनंद होईल. मला मात्र वाटले, भांडणात हे आता उत्तर द्यायला नाहीत, म्हणून भावाने डाव मारला. मी म्हणाले, "चहा घ्या आणि निपाणीची गाडी पकडा." त्यांनी चहाही घेतला नाही. पुढे गणपतीला आले नाहीत, दिवाळीला आले नाहीत.

मी काळा रंग खरवडायला बसले. खरवडता खरवडता, इंजिन गाडीत ज्यावर टेकते ती बाजूची लोखंडी पट्टी सोडवली. तिच्या मागे कॉस्टिक पोचलेच नव्हते. तिथे नखाएवढा रंग शिल्लक होता. हिरवा. राखेत माखलेल्या शेवग्याच्या पाल्यासारखा हिरवा. मी शेडमध्ये एकटीच मोठ्याने म्हणाले, "अहो, सापडला!"

तेवढ्याशा डागावरून दुकानात रंग जुळवून मिळेना. म्हणून मी आधी सुताची लड त्या रंगात रंगवली. पहिली फसली, ट्यूबलाइटखाली बरोबर वाटली, अंगणात नेली तर निळसर. दुसरी उन्हात पट्टीशेजारी धरली आणि दोन्हीतला फरक मला सांगता येईना. ती लड नेऊन दुकानातून रंग करून आणला आणि स्वतःच्या हाताने इंजिनाला दिला. इथल्या एका मिस्त्रीने इंजिन जोडून दिले. मी हळदकुंकू वाहिले, गाडी चालू केली. पाहता पाहता धूर निघाला, वास सुटला आणि माझ्या हिरव्याला पापडासारखे फोड आले.

तेव्हा मी फोन लावला. "भावजी, ताराबाई बोलतोय. रंगाला फोड आलेत."

पलीकडे गॅरेजातली ठोकाठोक थांबली. मग, "कुठला रंग?"

"हिरवा."

"येतो."

दुपारी आले. बॉनेटमध्ये डोके घालून उभे राहिले. मी पट्टीमागचा डाग दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवले, आणि काढले नाही. म्हणाले, "दादा खरा निघाला की." नाक पुसले आणि माझ्याकडे वळले. "रंग बरोबर हाय वैनी. डबा चुकलाय. इंजिनाला तापात टिकणारा वेगळा रंग असतोय. आन् ह्या सायलेन्सरच्या गरम नळाला तर हिरवा अजिबात न्हाय."

"मग शिकवा."

आम्ही दोघांनी मिळून सगळे परत उतरवले, घासले, रंगवले. तो रंग आजतागायत टिकून आहे. पुढे जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षकाने बॉनेट उघडून विचारले, हा रंग मूळचा आहे का? माझ्या आधी भावजी बोलले, "म्हणजे काय! पयल्यापास्नं हिरवाच म्हणत होतो मी." हे असत्य आहे, याची इथे लेखी नोंद करते.

५. वरील मॉरिस मायनर, तिची हत्यारे व सुटे भाग रवळू कामकर यांना. त्यांच्या पश्चात पूर्णिमाला. रंग बदलायचा की नाही, हे मी त्यांच्यावर सोपवते. काळा दिला तरी माझी हरकत नाही. देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

नागेंद्र, "आई, ते भंगार कोल्हापूरच्या पार्टीला देऊन टाक," असे तू तीनदा म्हणालास. मी रागावलेली नाही. गाडीतून फिरायचे असेल तर काकांना विचार. ते नेतील, पण वाटेभर इंजिनावर बोलतील, ते ऐकून घे.

६. व्यवस्था पाहण्यासाठी पूर्णिमाला नेमते.

७. सह्यांच्या आधी आज जे घडले ते वकील सौम्या यांच्या मते मृत्युपत्रात बसत नाही. मी बसवायला लावले आहे. रवळूभावजी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेन लावून निपाणीहून आले. आपणच साक्षीदार, असे त्यांनी धरले होते. शेजारचे शामू आणि जयाबाई सही करणार म्हटल्यावर तोंड उतरले. "मी घरातला न्हाय व्हय?"

वकीलबाई म्हणाल्या, "काका, ज्यांच्या नावानं काही ठेवलंय, त्यांना साक्षीला बसवू नये. उद्या कुणी शंका काढली तर?"

भावजी खुर्चीत नीट बसले. "माझ्या नावानं? काय ठेवलंय?"

"मी गेल्यावर वाचा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि पेन खिशात परत लावले. "मग लई वर्सं काय कळायचं न्हाय."

येणेप्रमाणे वाचून, समजून, हसू आवरून सही करते.

ठिकाण : वडगाव, बेळगाव
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

(सही) ताराबाई भरमू कामकर

आमच्यासमोर ताराबाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. (सही) शामू बसवंत उचगावकर
२. (सही) जयाबाई ज्योतिबा सांबरेकर